पळसतळ्यावरची हाळी

साहेब, तुम्ही खोटं बोललात. चोरून नाही, चारचौघांत बोललात. चावडीवर खुर्ची टाकून, पायावर पाय चढवून बोललात. पळसतळ्यावर आपण पाखरं बघायला गेलो होतो, असं तुम्ही सांगितलंत. गळ्यात दुर्बीण होती हे खरं आहे. पण दुर्बिणीतून छरे सुटत नाहीत, हे ठाकरवाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

तुमचं नाव इथं घ्यायची गरज नाही. सत्तावन्न सालच्या त्या हिवाळ्यात बांधावर कोण कोण उभं होतं, ते कळंबपासून कर्जतपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या सांगण्यात एक माणूस चोर निघाला आणि दुसरा तुमचा चाकर. ते दोघं कोण होते ते आता ऐका.

पळसतळं कळंबच्या अलीकडे, दोन टेकड्यांच्या मध्ये. जुन्या काळी कुणीतरी बांध घालून ओढा अडवला, तेव्हापासूनचं ते पाणी. दिवाळी सरली, भातं कापून खळ्यावर आली, वावरात वाल पेरून झाला, की थंडीबरोबर उत्तरेकडची बदकं तिथं उतरायची. शेपटीला सुईसारखं टोक असलेली, फावड्यासारख्या चोचीची थापटी, कपाळावर पांढरा टिळा लावलेले काळे चांदवे. सकाळी धुकं उठायच्या आधी बांधावर उभं राहिलं की पाणी दिसायचं नाही, नुसता कलकलाट ऐकू यायचा.

ती पाखरं उतरल्याची वर्दी देणं हे धर्माजीच्या घराण्याचं काम होतं. आज्यानं केलं, बापानं केलं, धर्माजीनंही मिसरूड फुटल्यापासून केलं. पहाटे उठायचं, घोंगडी पांघरून बांधावर जायचं आणि पाखरं दिसली की छाती भरून हाळी द्यायची, "आली होऽऽ, पाखरं आलीऽऽ!" हाळी खळ्यावर पाटलाला ऐकू जायची. पाटलाचा माणूस कचेरीत जायचा. मग रविवार बघून साहेबलोक बंदुका घेऊन यायचे, आणि वस्तीतल्या गड्यांनी गळ्याएवढ्या गार पाण्यात उतरून पलीकडच्या गवतातली पाखरं उठवायची, पडलेली पोहत जाऊन आणून द्यायची. आजा सांगायचा, फार पूर्वी एका गोऱ्या साहेबाचं कुत्रं थंडीनं पाण्यात उतरेना, म्हणून ही रीत पडली. कुत्रं नाही म्हणू शकलं. धर्माजीच्या आज्याला ते जमलं नाही, कारण त्याच्या नावावर वतनाच्या जमिनीचा तुकडा होता.

मग वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली ते वर्ष आलं. ज्या वस्तीला गाव महारवाडा म्हणायचं, तिथल्या माणसांनी घराघरातले देव पाण्यात सोडले आणि एकत्र बसून ठरवलं: मेलेलं ढोर ओढायचं नाही. दवंडी पिटायची नाही. तळ्याची वर्दी द्यायची नाही आणि तळ्यात उतरायचं नाही. धर्माजी त्या बैठकीत सगळ्यात मोठ्यानं 'नाही' म्हणाला होता.

त्याला वाटलं होतं, आता हिवाळ्यात आपण उशिरापर्यंत लोळू. पण कार्तिक लागला आणि पहाटे त्याचे डोळे आपोआप उघडले. त्यानं कूस बदलली. पुन्हा बदलली. शेवटी उठला आणि घोंगडी शोधायला लागला.

गंगाबाई चुलीपाशी होती. ती बघतच राहिली. "कुठं निघालात?"

"हितंच. जरा."

"तळ्यावर ना? वेठ सोडलीत म्हणता, पण वेठीनं तुमाला सोडलेलं दिसत नाय."

"वर्दी द्यायला नाय जात गं. नुसता बघून येतो."

"काय बघून येता? बदकं? तीच ती, पाण्यात बुड वर करून चरतात. दिसली की मेली. बायकोकडं यवढं कदी बघितलं नाय."

"तू उडून जात नायस ना म्हणून," धर्माजी म्हणाला आणि ती लाकूड उचलायच्या आत बाहेर पडला.

बांधावर पहिल्या दिवशी त्याला चोरासारखं वाटलं. आजवर तो पाटलाच्या डोळ्यानं बघत आला होता: थवा केवढा, गोळी कुठून बसेल, पडलेलं पाखरू कुठल्या गवतात जाईल, कुठं पाणी खोल आहे. आता यातलं काही बघायचं नव्हतं, तर मग बघायचं काय? तो बसून राहिला. उन्हं आली. एक चांदवा पाण्यावरून धावत सुटला. उडायच्या आधी ते पाखरू पाण्यावर पाय आपटत पळतं, जसं पोर आईच्या मागे पळावं तसं. हे त्यानं शंभर वेळा पाहिलं असेल, पण त्याला हसू आलं ते त्याच दिवशी. एक जोडी सगळ्यांपासून लांब राहायची. एका बदकाचा पाय मोडका होता, ते गोल फिरायचं, त्याला जेवायला वेळ लागायचा. धर्माजी त्याच्यासाठी थांबायचा. गंगाबाईला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं वस्तीभर केलं असतं.

आणि मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी घात झाला.

धुकं विरळ होत होतं. उत्तरेकडून, टेकडीच्या खांद्यावरून, मोठी केशरी पाखरांची जोडी आली. लांबून कुणी वाटसरू "आंऽग, आंऽग" अशी साद घालतोय तसा आवाज. चक्रवाक. बापाच्या तोंडून त्यानं त्यांचं वर्णन ऐकलं होतं. बाप म्हणायचा, आपल्या तळ्यावर ती यायची, मग यायची थांबली. धर्माजीला वाटायचं म्हातारा थापा मारतो. आता ती जोडी त्याच्या डोक्यावरून वळली, पंखांवर ऊन पडलं, आणि मागून बदकांचा अख्खा थवा पाण्यावर कोसळला. धर्माजी उभा राहिला. त्याची छाती भरून आली, आणि भरलेल्या छातीतून जे बाहेर पडायला शिकलेलं होतं तेच बाहेर पडलं.

"आली होऽऽ! पाखरं आलीऽऽ!"

टेकडीवर आदळून हाळी परत आली तेव्हा त्याला कळलं की आपण काय केलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्याचा उपयोग पाण्यात पडलेल्या दगडाला हात पुढं करण्याइतकाच होता.

तो धावतच खळ्यावर गेला. आबाजी पाटील भाताच्या राशीशी उभा होता, पागोटं मागे सरकवून हसत होता.

"ये रं धर्मा! ऐकली तुझी हाळी. म्हटलं, गडी कितीबी बुद्ध झाला तरी गळा आमचाच हाय."

"पाटील, ती वर्दी नव्हती."

"मग काय व्हतं? भजन?"

खळ्यावरचे गडी फिदीफिदी हसले.

"मला आनंद झाला, म्हणून वरडलो."

"आनंद?" पाटलानं गड्यांकडं बघितलं. "पाखरं बघून? आरं, म्हस व्याली म्हणजे आनंद होतो माणसाला. पाखरं काय तुझ्या घरची हायत?"

"कचेरीत माणूस पाठवू नका पाटील. हात जोडत नाय. सांगतोय."

"माणूस गेला," पाटील म्हणाला. "सायकलीवर गेला. तुझा आनंद आता साहेबाला कळल."

वस्तीत धर्माजीनं स्वतःच जाऊन सांगितलं. तरणी पोरं भडकली. एक जण म्हणाला, "तुमीच नेम केलात आणि तुमीच मोडलात, काका." गंगाबाई चुलीकडं तोंड करून भाकरी थापत राहिली, आणि ते जास्त लागलं. धर्माजी म्हणाला, "गळा माझा, मी निस्तरीन. पण पाण्यात कुणी उतरायचं नाय. मारून टाकलं तरी उतरायचं नाय."

रविवारी जीप आली. तुम्ही उतरलात साहेब, तुमच्या मागून तुमचे मुंबईचे पाहुणे उतरले. दोन बंदुका, एक दुर्बीण, डब्यात पुऱ्या. बांधावर पाटील हात बांधून उभा, आणि जरा लांब एकटा धर्माजी. तो घरात बसू शकला असता. पण आपण हाक मारून आणलेल्या माणसांना तोंड दाखवायला पाहिजे, असं त्याला वाटलं.

"बाकीचे कुठायत?" तुम्ही विचारलंत.

"वस्तीत हायत, साहेब."

"बोलाव."

"येणार नायत. तेच सांगायला आलोय."

"वतनाची जमीन खाता ना रे?"

"जमीन कसतो, मग खातो. बदकं आणून नाय खात."

तुमच्या पाहुण्यांना हे मजेशीर वाटलं. ते इंग्रजीत काहीतरी म्हणाले. तुम्हाला मात्र पाहुण्यांसमोर अपमान झाल्यासारखं झालं. तुमचे कान लाल झाले. "मग तू इथं काय करतोयस?"

"पाखरं बघतोय."

"तू? तू पाखरं बघतोस?"

"व्हय. बंदी हाय काय?"

तुम्ही त्याच्याकडं पाठ फिरवलीत आणि पाटलाला म्हणालात, "कुणीतरी बघा. मला कारणं नकोत." हे वाक्य चांगलं लक्षात ठेवा साहेब, कारण चावडीवर तुम्ही ते विसरला होतात.

त्याच वेळी टेकडीच्या पायवाटेनं लडकू उतरत होता. डोक्यावर लाकडांची मोळी, कमरेला कोयता, तोंडात नेहमीसारखं गाणं. ठाकरवाडीतला हा लडकू म्हणजे हसरा गडी. कर्जतच्या बाजारात मोळी विकून येताना बायकोला, बुधीला, काहीतरी आणल्याशिवाय यायचा नाही, मग ती पैशाची हळद का असेना. पाटलानं त्याला हाक मारली.

"लडकू, मोळी ठेव खाली. लाकडं कुठली रं?"

"रानातली. सुकी हायत पाटील. पडलेली."

"पडलेली का पाडलेली, ते जंगलवाला ठरवील. बोलावू?"

लडकूनं मोळी खाली ठेवली.

"त्यापेक्षा पाण्यात उतर. पाखरं उठव, पडली का आणून दे. साहेब एक बदक देतील तुला."

धर्माजी पुढं आला. "लडकू, उतरू नको. त्या गवताखाली जुनी विहीर बुडलेली हाय. पाय अडकतात. आनि ह्यांचा काय नेम नाय."

"नेम नाय म्हणजे काय रे?" पाहुणे पहिल्यांदा मराठीत बोलले. त्यांना वाटलं, आपल्या नेमबाजीवर बोलतोय.

लडकू लंगोटी घट्ट करत धर्माजीजवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुझं बरं हाय. तुमी सगळी मिळून नाय म्हटलीत. मी येकटा नाय म्हणू? उद्या कोयता काढून घेतील. मंग खाऊ काय?" मग हसून म्हणाला, "आनि बदक देतात म्हणं. बुधीला सांगतो, साहेबानं जेवायला बोलावला व्हता."

तो उतरला. पाणी छातीला लागल्यावर त्यानं "आयायायाऽ" असा सूर काढला. तुम्ही सगळे हसलात. धर्माजीही हसला असता, दुसऱ्या कुठल्या दिवशी.

पाखरं उठली. आधी ती केशरी जोडी उठली आणि टेकडीपलीकडं गेली. मग बंदुका वाजल्या. आकाशातून बदकं पडायला लागली. ती एकेक धरून लडकू काठावर फेकत होता. एक बदक पंखात छरे खाऊन पाण्यावर पडलं आणि तडफडत गवताकडं पोहायला लागलं. लडकू त्याच्या मागे. हात पुढं केला की ते निसटायचं.

"थांब, मीच संपवतो त्याला," पाहुणे म्हणाले.

"माणूस हाय तिथं!" धर्माजी ओरडला. ह्या वेळी त्याच्या गळ्यातून नीट आवाजही निघाला नाही. त्या दिवशीची हाळी गावभर गेली, आणि ही दहा हातांवर ऐकली गेली नाही. बंदूक पाण्याच्या अंगानं आडवी वाजली. लडकूनं तोंडावर हात नेला, जणू माशी बसली. मग गवत हललं आणि तो दिसेनासा झाला.

बांधावर कुणी हललं नाही. धर्माजीनं घोंगडी टाकली आणि उडी मारली.

ज्या पाण्यात मेलो तरी उतरणार नाही असं त्यानं सांगितलं होतं, त्याच पाण्यात तो उतरला. गवताच्या दोऱ्या पायाला गुंडाळत होत्या. विहिरीच्या काठावरचा चिरा गुडघ्याला लागला. हाताला केस लागले, ते धरून त्यानं ओढलं. वर आला तेव्हा त्याच्या दातावर दात वाजत होते आणि लडकूच्या मानेतून रक्त येत होतं. अर्धा चेहरा देवी आल्यासारखा भोकाभोकांचा झाला होता. काठावर आणल्यावर लडकूनं एक डोळा उघडला.

"पान्यात काय चावला रं?" त्यानं विचारलं.

"काय नाय. गप पड."

धर्माजी धावत जीपपाशी आला. "साहेब, गाडी. कर्जतला डाक्टर हाय. गाडीनं गेला तर जगल."

तुम्ही जीपकडं बघितलंत. तिथं पाहुणे आधीच जाऊन बसले होते, पांढरेफटक पडले होते. मागे पडलेली बदकं टाकली होती. तुम्ही म्हणालात, "पाटील, ताबडतोब बैलगाडी करा." 'ताबडतोब' शब्दावर तुम्ही असा जोर दिलात की जणू औषधच दिलंत. मग जीप सुरू झाली. तुम्हीही कर्जतवरूनच गेलात. मुंबईकडं जायला दुसरा रस्ता नाही.

बैलगाडी यायला वेळ लागला. बैल वालाच्या वावरापलीकडं चरत होते. गाडीत धर्माजीनं लडकूचं डोकं मांडीवर घेतलं होतं. रस्त्यात आधी चढ, मग उतार. जीपच्या चाकांचे ओले पट्टे बराच वेळ दिसत होते, मग धूळ लागली. लडकू थोडा वेळ बोलत होता. बुधीला मोळी घेऊन जायला सांग, म्हणाला. पाटील ठेवून घेईल. कर्जतची घरं दिसायला लागली तेव्हा धर्माजीच्या मांडीवर नुसतंच वजन होतं.

मग चौकशी झाली. चावडीवर वरचे कुणी साहेब आले, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत तुम्ही. बुधी खाली पायरीवर बसली होती, तिला वर कुणी बोलावलं नाही. सुरू व्हायच्या आधी पाटलानं धर्माजीला चावडीमागं नेलं.

"हे बघ धर्मा. जे विचारतील त्याला व्हय म्हण आणि मोकळा हो. जमीन ऱ्हाईल. लई शहाणपणा केलास तर मी सांगीन, हाळी देऊन साहेबांना आणलं कुणी. मेलेल्याचं पाप तुझ्याच गळ्यात जाईल."

"आणि लडकूचं काय सांगणार?"

"लडकू कुठं ऐकायला हाय?"

"बुधी हाय."

"ठाकरीन. तिला काय कळतंय?"

धर्माजीनं तिच्याकडं बघितलं. ती पायरीवर बोटानं रेघा ओढत होती. तिला सगळं कळत होतं. ठाकरवाडीत परत गेल्यावर लोक तिला लडकूची बायको म्हणणार की चोराची, ते आज इथं ठरणार होतं.

आधी तुम्ही बोललात. आपण पाखरं बघायला गेलो होतो. पाहुण्यांनी एकदोन बार हवेत काढले असतील. वस्तीतल्या लोकांनी आपल्या जुन्या रीतीप्रमाणं राजीखुशीनं वर्दी दिली. लडकू नावाचा इसम गवतात लपून बदकं चोरत होता, आपल्याला तो दिसलाच नाही. जबरदस्ती कुणावरही झालेली नाही.

मग धर्माजीला उभं केलं.

"हाळी तू दिलीस?" वरच्या साहेबांनी विचारलं.

"दिली."

"पाण्यात तू उतरलास?"

"उतरलो."

"कपडे भिजले होते तुझे? सगळ्यांनी पाहिले?"

"भिजले व्हते."

तुम्ही वरच्या साहेबांकडं बघून मान हलवलीत. झालं तुमचं काम. हाळी दिली, पाण्यात उतरला, म्हणजे रीत पाळली. एका माणसाचा जीव वाचवायला मारलेली उडी तुम्ही वेठीच्या खात्यात जमा केलीत. धर्माजीला ते कळायला एक क्षण लागला.

"जा आता," तुम्ही म्हणालात.

तो गेला नाही.

"हाळी माझी," तो म्हणाला. "ती वर्दी नव्हती, पण गळा माझा व्हता. त्याचं काय करायचं ते माझं मी बघीन. जमीन काढून घ्यायची तर घ्या. पण लडकू लपला नव्हता. त्याला मोळी उतरवून पाण्यात घातला, ह्या पाटलानं. तुमी म्हणालात, कुणीतरी बघा, कारणं नकोत."

"ए," पाटील उठला.

"बसा पाटील. माझं संपलं नाय." वस्तीतली माणसं चावडीच्या अंगणात येऊन उभी राहिली होती. ठाकरवाडीतलीही आली होती, पिंपळाखाली, जरा लांब. धर्माजीचा आवाज त्यांच्यापर्यंत जात होता. "लडकू चोर असंल, घटकाभर धरून चाला. चोरालाबी गोळी लागली तर दवाखान्यात नेतात. तो जिता व्हता साहेब. काठावर माझ्याशी बोलला. तुमी दोन पावलांवर उभे व्हतात. मी गाडी मागितली. तुमी कर्जतलाच चालला व्हतात."

वरचे साहेब तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही खिशातून रुमाल काढलात.

पायरीवरची बुधी उठून उभी राहिली. ती आत आली नाही, पण दारातली माणसं बाजूला झाली आणि ती तुम्हाला सरळ दिसायला लागली.

"तिच्याकडं बघून सांगा," धर्माजी म्हणाला. "मेलेली बदकं गाडीत घातलीत. जित्या लडकूला का नाय घेतलात? बोला."